मोहर लावायची राहिली

हॅमिल्टन,
२ जून १९७१

दारिया,

पाकीट पाहून कपाळाला हात लावला असशील. आत्याचं, तेता स्तेफाचं पत्र म्हणजे काहीतरी काम निघालं, हे तुला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर तू एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांचे फोन जोडतेस, तुलाच विचार. लांबच्या फोनवर माणसं हवापाणी विचारतात आणि ठेवून देतात. मला सांगायचंय ते त्यात मावणारं नाही.

तुझ्या भावाने तळ्याकाठची जमीन विकायला काढली आहे. ओरेस्टने मला कळवलं नाही. इथल्या चर्चच्या तळघरात आम्ही बायका पेरोहीच्या करंज्या लाटत होतो, तिथे एका तिसऱ्याच बाईने मला ही बातमी दिली, आणि मी ठाऊक असल्यासारखा चेहरा केला. जमीन त्याची आहे, गुडघे त्याचे गेलेत, त्याला मी दोष देत नाही. देते, पण त्याचं पत्र वेगळं लिहीन.

पण पारास्काचं काय?

तुला अर्धवट माहीत आहे, म्हणून नीट सांगते. माझे आईवडील जुना देश सोडून १९०३ च्या शरदात वेर्बा तळ्यावर उतरले तेव्हा तुझा बाप मेत्रो तीन वर्षांचा होता आणि पारास्का अंगावर पीत होती. घर म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा आणि वर गवताच्या ढेकळांचं छप्पर. त्यालाच बुर्देई म्हणायचे. पारास्का पहिल्याच हिवाळ्यात गेली. तेव्हा आसपास चर्च नव्हतं की पाद्री नव्हता. त्यामुळे तिच्या कबरीला मोहर लागली नाही. फावड्याने चार बाजूंना चार क्रूस काढून, ही कबर शेवटच्या दिवसापर्यंत बंद, असं म्हणायला कुणी नव्हतं. मोहर नसलेला मेलेला माणूस म्हणजे दार उघडं टाकून निजलेला माणूस, असं आई म्हणायची.

शेवटच्या दुखण्यात आईची वाचा गेली होती. फक्त ‘पारास्का’ म्हणायची आणि बोटाने गोधडीवर चार क्रूस काढायची. मी हो म्हटलं. मेत्रोही हो म्हणाला, आणि मग दरवर्षी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहिला. आता मेत्रोच्याच कबरीला मोहर लागून पाच वर्षं झाली.

जुलैच्या पहिल्या रविवारी पाद्री तळ्याकाठच्या चर्चमध्ये कबरींना आशीर्वाद द्यायला येतो. तुझा वॉल्टर, मुलं, ओरेस्ट, सगळ्यांना घेऊन जा. दिवसाची सहल कर. चर्च आटोपलं की फादर यारोस्लावना आपल्या जमिनीवर घेऊन जा. लायलॅकच्या झुडपांपाशी दगड आहेत ना, जिथे आपण नेहमी पाव ठेवतो, तिथे मोहर लावून घे. लोखंडी क्रूस मी इथे करवून घेतलाय, मालगाडीने पाठवते.

मी आले असते. खुब्याचं हाड अजून जुळलेलं नाही आणि डॉक्टर मला कोपऱ्यावरच्या चर्चपलीकडे, स्टेशनपर्यंतसुद्धा जाऊ देत नाही. काठी घेऊन खिडकी ते चूल, चूल ते खिडकी करत असते. खालचा भाडेकरू झाडूच्या दांड्याने छत ठोकतो.

लगेच उत्तर दे.

तेता स्तेफा

ता. क. पावाला बेदाणे घालू नकोस. मेलेल्यांना गोड चालतं, मला चालत नाही.


रेजायना,
११ जून १९७१

प्रिय तेता,

हुकूम पोचला. क्रूसही पोचला. स्टेशनवरच्या माणसाने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, एक मावळण, बाबांची बहीण. केव्हा? म्हटलं, सदुसष्ट वर्षं झाली. त्याने गुपचूप सही घेतली.

ओरेस्टशी बोलले. सप्टेंबरअखेर तो कागदांवर सही करणार. तळ्याच्या काठाने उन्हाळी बंगल्यांचे तुकडे पाडणार आहेत. तो म्हणाला, “तेताला सांग, कबरीची जागा मी कुंपण घालून सोडायला लावतो. पण जागा नक्की दाखवा. उगाच अर्धं शेत पवित्र करून ठेवू नका.” तुम्हाला राग येईल, पण त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही.

वॉल्टर गळ घेऊन येणार. लेसियाला डोक्याला रुमाल बांधायचा नाही, नऊ वर्षांची आहे आणि तिला सगळ्याची कारणं हवी असतात. पण जाऊ. तुम्ही खिडकी ते चूल कमी करा. हाड बसून जुळतं, चालून नाही.

तुमची
दारिया


हॅमिल्टन,
१६ जून १९७१

दारिया,

हाड कसं जुळतं ते डॉक्टर सांगतो, तू मावळणीचं काम कर.

जागा नक्की दाखवा म्हणे. चाळीस वर्षं आम्ही तिथे पाव ठेवून गायलो. तुझ्या आजोबांनी स्वतः बोट करून दाखवलेली जागा आहे, ‘तिकडे, दगडांपाशी’. ओरेस्ट लहानपणी त्याच दगडांवर बसून उकडलेली अंडी खायचा. त्याला विचार, विसरला का.

फादरना जेवल्याशिवाय नेऊ नकोस, नाहीतर घाईत उरकतात. फावडं आपलं ने, चर्चचं बोथट आहे. चारी क्रूस खोल काढायला सांग. आणि मला सगळं लिही, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा. मला डोळ्यांपुढे आलं पाहिजे, त्याशिवाय मला झोप नाही.

तेता


रेजायना,
७ जुलै १९७१

प्रिय तेता,

सहल छान झाली. हवा स्वच्छ होती. सकाळी वारा होता, दुपारी पडला, तळं आरशासारखं झालं. पश्चिमेला थोडे ढग आले होते पण ते तिकडेच राहिले. चर्चमध्ये बरीच माणसं आली होती, रेजायनाहून, सॅस्काटूनहून, एक कुटुंब तर एडमंटनहून. कबरींवर भरतकामाचे रुमाल, पाव, मेणबत्त्या, सगळं नेहमीसारखं. बाबा आणि आजीच्या कबरीवर मी तुमच्या नावाची मेणबत्ती लावली.

मग आम्ही जमिनीवर गेलो. फादर यारोस्लाव जेवूनच आले. क्रूस उभा केला. त्यांनी मोहर लावली. संध्याकाळकडे हवा जरा गार झाली. वॉल्टरला दोन मासे मिळाले. लेसियाने जुन्या बुर्देईच्या खड्ड्यात उडी मारली आणि पाय मुरगळून घेतला, आता बरा आहे. ओरेस्ट म्हणाला, तो खड्डा एकदा भरूनच टाकायला हवा, उद्या बंगलेवाल्यांची पोरं पडतील.

आता शांत झोपा.

तुमची
दारिया


हॅमिल्टन,
१२ जुलै १९७१

दारिया,

तू सहा वर्षांची असताना माझी निळी बरणी फोडलीस आणि घरात येऊन मला सांगितलंस, “तेता, बाहेर किती छान ऊन पडलंय.” तेव्हापासून मला ठाऊक आहे. तू काही लपवत असलीस की हवेवर बोलतेस.

वारा, ढग, तळं, परत हवा. आणि मोहरेचं एक वाक्य.

काय झालं ते लिही. मी म्हातारी आहे, काचेची नाही.

तेता


रेजायना,
१७ जुलै १९७१

प्रिय तेता,

बरं. बसून वाचा.

मोहर लागली हे खरं आहे. फादरनी प्रार्थना म्हटली, आम्ही मेलेल्यांचं गाणं म्हटलं, त्यांनी फावड्याने चारी बाजूंना क्रूस काढले, चांगले खोल. वॉल्टरसुद्धा टोपी काढून उभा होता. तेवढ्यात पलीकडच्या शेतावरचे म्हातारे प्रोकिप हावरिल्युक आपल्या घरच्या दारूची बाटली घेऊन आले. गाणं संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग मला हळूच म्हणाले, “कोणासाठी गं, पोरी?”

मी म्हटलं, “पारास्कासाठी, आजीची पहिली मुलगी.”

म्हातारबांनी क्रूसाकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं. म्हणाले, “देव तिला स्वर्ग देवो. पण हे तर आमचं बटाट्यांचं तळघर आहे.”

तेता, त्यांच्या वडिलांनी आणि माझ्या आजोबांनी मिळून ते १९१० मध्ये खणलं. दोघांच्या शेताच्या मध्ये, दोघांनी वापरायला. म्हातारबा तेव्हा दहा वर्षांचे, माती वाहून टाकायला होते. त्यात पडून त्यांचा पुढचा दात गेला, तो त्यांनी जबडा उघडून आम्हा सगळ्यांना दाखवला. ते दगड तळघराच्या तोंडाचे. आधी तिथे काही नव्हतं, नुसता ओला माळ होता, असं शपथेवर सांगतात. ओरेस्टचा विश्वास बसेना म्हणून त्याने फावडं मारलं. गुडघाभर खाली कुजलेल्या फळ्या आणि बटाट्याची टोपली निघाली.

ओरेस्ट आधी हसला. मग मीही हसले, तेता, माफ करा. गवतावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. फादर म्हणाले, लागलेली मोहर मला काढता येत नाही, तेव्हा तुमचे बटाटे शेवटच्या दिवसापर्यंत सुरक्षित आहेत. मग लेसियाने विचारलं, “म्हणजे ती बाळी कुठे आहे?” मुलांना गाडीत घातलं आणि घरी आलो.

क्रूस मी परत आणलाय. गॅरेजमध्ये वॉल्टरच्या गळांशेजारी ठेवलाय. रोज कपडे वाळत घालायला जाते तेव्हा दिसतो.

दारिया


हॅमिल्टन,
२१ जुलै १९७१

दारिया,

प्रोकिप हावरिल्युक आयुष्यभर पिऊन आहे. त्याच्या दातावर काय विश्वास ठेवायचा.

२२ जुलै

पत्र टाकलं नाही. रात्रभर विचार केला. प्रोकिप पितो, पण टोपली तर पीत नाही.

म्हणजे आम्ही चाळीस वर्षं बटाट्यांपुढे गायलो. आई दरवर्षी आमच्याबरोबर असायची आणि गायची नाही. मला वाटायचं, गळा दाटून येत असेल. तिला ठाऊक होतं का गं? ठाऊक होतं, तर बोलली का नाही? वडील खोटं का बोलले? ते भांडखोर होते, तिरसट होते, पण खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी बोट करून दाखवलं आणि ती गप्प राहिली. असं का करतात माणसं?

मला संताप येतो. तुझ्यावर नाही. तुझ्या हसण्यावर थोडा आहे.

डोकं चालेनासं झालंय. जुन्या गोष्टी भराभर येतात आणि एकीतही कबर नाही. आमच्याकडे प्रत्येक लग्नात वडील एक गोष्ट सांगायचे, तू ऐकली असशील. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी लाकडाचं घर बांधलं, चुना दिला, खिडकीला काच बसवली, आणि बायको म्हणाली, मी येत नाही. “नवं घर मला, बुर्देई तिला,” असं म्हणून वडील ग्लास उचलायचे, “माझ्या बायकोला घुशींचा शेजार आवडायचा.” सगळे हसायचे. अख्खा दुसरा हिवाळा आई त्या बिळात राहिली. मेत्रो आणि वडील वर, ती खाली. मार्चमध्ये मी झाले ती तिथेच, आईच्या हट्टापायी. त्यानंतर मात्र ती निमूट वर आली. वडील पुढे मला हाक मारायचे, “घुशीच्या पोरी”. मला त्याचा फार राग यायचा.

वर आल्यावरही आई शनिवारी जाऊन बुर्देईची जमीन सारवायची. माती आणि शेण, छान गुळगुळीत. मला आठवतं, मी बादली धरायला जायची. मी विचारलं, “इथे कोण राहतं?” म्हणाली, “बादली धर.” छप्पर कोसळेपर्यंत सारवत होती. लोक म्हणायचे, पेत्रुनिया डुकरांसाठी सारवते.

हे सगळं मी तुला का लिहितेय मला कळत नाही. विचारत होते कबर, आणि सांगत बसलेय घर. सप्टेंबरअखेर जवळ येतोय. ओरेस्टला सांग, थांब म्हणावं.

तेता


रेजायना,
२९ जुलै १९७१

प्रिय तेता,

ओरेस्ट म्हणतो, थांबेन, पण कशासाठी ते सांगा. माझ्याकडे सांगायला काही नाही.

तुमचं पत्र मी फार वेळा वाचलं. कामावरसुद्धा नेलं. एक गोष्ट विचारू? पारास्का कोणत्या महिन्यात गेली? मला वाटतं तुम्ही एकदा फेब्रुवारी म्हणाला होता, कारण आजी फेब्रुवारीत बेकिंग करत नसे.

फेब्रुवारीत माती कशी खणली असेल, तेता? बाबा जानेवारीत गेले तेव्हा चर्चच्या दफनभूमीत दोन दिवस पेंढा आणि लाकडं जाळत ठेवली होती, तेव्हा कुठे कुदळ आत गेली. सहा माणसं होती. आजोबा एकटे. त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे जाळायला लाकूड किती असणार, चुलीलाच पुरत नव्हतं म्हणायचे ना? लोक मग प्रेत शेडमध्ये ठेवायचे, वसंत येईपर्यंत. पण त्यांना शेडही नव्हती. आणि कोल्ही होती.

मला पुढे लिहवत नाही. कदाचित मी चुकत असेन. तुम्हीच सांगा.

दारिया


रेजायना,
१८ ऑगस्ट १९७१

प्रिय तेता,

तुमचं उत्तर नाही. फोन केला, वाजत राहिला. चर्चमधल्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या तुम्ही येता-जाता, पेरोही लाटता, पण कुणाशी बोलत नाही. मी असं काही लिहायला नको होतं का? दोन ओळी तरी पाठवा. शिव्या पाठवल्या तरी चालतील.

दारिया


हॅमिल्टन,
१ सप्टेंबर १९७१

दारिया,

तू चुकत नाहीस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते पिठाच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि ठरवलं, मला कळलं नाही. महिनाभर तसंच वागले. खालच्या भाडेकरूने मात्र झाडूचा दांडा मोडला असेल, इतकी चालले.

त्या हिवाळ्यात अख्ख्या तळ्याकाठी एकच जागा मऊ होती. घरातली. चुलीच्या उबेने न गोठलेली. वडिलांनी तिला घरातच पुरलं, दारिया. ते त्यावर जेवले, त्यावर निजले. तुझा बाप तीन वर्षांचा, त्यावर खेळला. दुसरा काही इलाज नव्हता, आणि वडिलांना मरेपर्यंत लाज वाटली. माणसं म्हणतील, मांजरीसारखं पोर घरात पुरलं. म्हणून पाद्री आला, चर्च उभं राहिलं, तरी त्यांनी कुणाला नेऊन ती जागा दाखवली नाही. कुणी विचारलं की बोट करायचे, तिकडे, दगडांपाशी.

आणि आई वर यायला तयार नव्हती. सात महिन्यांची पोर एकटी थंडीत ठेवून चुना दिलेल्या घरात कशी जाणार? वडिलांनी त्याचा विनोद केला, आणि आम्ही हसलो. प्रत्येक लग्नात हसलो. आईसुद्धा टेबलाशी बसलेली असायची, भाजी वाढत.

मला आईचा राग होता. तुला ठाऊक आहे, मी सतरा वर्षांची असताना जी घरातून निघाले ती पाहुणी म्हणूनच परत गेले. मला वाटायचं, ही बाई दगड आहे. कधी जवळ घेतलं नाही, नुसतं बादली धर. मला काय माहीत, मी काय धरून उभी होते.

ओरेस्टला सांग. आजच सांग. खड्ड्याला हात लावू नकोस म्हणावं. फादरना आणा, वाटेल ते करा.

स्तेफा


रेजायना,
८ सप्टेंबर १९७१

प्रिय तेता,

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी ओरेस्टला फोन केला. सगळं सांगितलं. मी विचारलं, लाइन तुटली का?

म्हणाला, “खड्डा मी भरला. ऑगस्टमध्ये. बुलडोझर मीच चालवला. वर बिया टाकल्यात, गवत बोटभर आलंय.”

लेसियाच्या पायामुळे, तेता. आणि जमीन सपाट दिसावी म्हणून. त्याला दुसरं काही ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. तो मला पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी तिच्यावरून यंत्र फिरवलं गं. दुपारभर. रेडिओ लावून.” त्याला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही.

मी फादर यारोस्लावना लिहिलंय. ते पुढच्या उन्हाळ्याशिवाय तिकडे येत नाहीत. बघू.

मला कळत नाही तुम्हाला काय सांगून धीर देऊ. हवेबद्दल काहीच लिहीत नाही, एवढं समजून घ्या.

दारिया


रेजायना,
२८ सप्टेंबर १९७१

प्रिय तेता,

रविवारी जाऊन आलो. तुम्ही सांगितलं होतं तसं लिहिते, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा.

फादर आले. शनिवारी रात्री एक लग्न लावून, पहाटे निघून, स्वतःची गाडी चालवत. म्हणाले, जुलैत मी बटाट्यांना मोहर लावली, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. थंडी चावत होती. झाडांची पानं गेली होती. मुलांना मी घरी ठेवणार होते, पण लेसिया म्हणाली, “मी तिथे उडी मारली होती, मला यायचंय.” मग काय बोलणार. रुमाल तिने स्वतःच बांधला.

तिथे खरंच काही दिसत नव्हतं. नुसता सपाट हिरवा तुकडा. ओरेस्ट आमच्या आधी पोचला होता. त्याने पावलांनी अंदाज घेऊन, हावरिल्युक म्हाताऱ्यांना विचारून, बुर्देईच्या चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकल्या होत्या. फादर आले तसा तो त्यांच्यापुढे टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, “फादर, आधी माझं ऐका. मी काय केलं ते यांनी तुम्हाला सांगितलं का?”

फादर म्हणाले, “सांगितलं. किती माती टाकलीस?”

“दोन ट्रक. वरून काळी.”

“तिच्या बापाला त्या रात्री किती टाकता आली असेल? चार फावडी? तीही पोटच्या पोराला जाग येऊ न देता, आवाज न करता. उरलेली तू टाकलीस. आता बाजूला हो आणि फावडं दे.”

ओरेस्ट बाजूला झाला. हावरिल्युकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले.

अडचण अशी, की त्या चार खुंट्यांच्या आत ती नेमकी कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. दाराशी, चुलीशी, खाटेखाली. फादरनी थोडा विचार केला आणि सांगितलं, मग अख्ख्या घरालाच लावतो. पूर्वेच्या भिंतीच्या जागी एक क्रूस, पश्चिमेच्या, मग दोन्ही बाजूंना. जमीन अजून गोठलेली नव्हती, फावडं सहज आत जात होतं. मी दक्षिणेला उभी होते, तळ्याकडे पाठ करून. वॉल्टर माझ्याशेजारी, त्याला भाषा कळत नाही पण तो रडला. लेसिया उत्तरेला, ओरेस्टशेजारी. नाव विचारलं तेव्हा मी पारास्का म्हटलं, जरा मोठ्यानेच म्हटलं. मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा फादर म्हणाले, सगळ्यांत जवळचं कोण? मी म्हटलं, बहीण आहे, पण ती हॅमिल्टनला आहे, तिच्या वतीने मी टाकते. टाकली. गॅरेजमधला तुमचा क्रूस मधोमध उभा केला.

मग पाव कापला. बेदाणे नव्हते.

ओरेस्टने तेवढा तुकडा विक्रीतून काढलाय. समोरचे लोक कुरकुर करताहेत, कारण बंगल्यांचा रस्ता तिथूनच जायचा होता. कदाचित व्यवहार मोडेलही. तो म्हणतो, मोडला तर मोडला, गुडघे तसेही गेलेतच. मला तो बरा दिसत नाही, एकसारखा उठतो, बसतो. तुम्ही त्याला ते वेगळं पत्र लिहू नका, किंवा लिहा, पण दुसरं लिहा.

तुमची
दारिया


हॅमिल्टन,
५ ऑक्टोबर १९७१

दारिया,

पत्र खिडकीशी उभं राहून वाचायला घेतलं आणि मध्येच बसले.

ओरेस्टला लिहिलं. चांगलं लिहिलं. आजीने आजोबांना माफ केलं होतं, तिने त्यांना बारा मुलामाणसांचं जेवण रांधून वाढलं आणि चारचौघांत हसू दिलं, तर तुला कोण काय बोलणार, असं लिहिलं. त्याला जेवायला घालत जा.

अख्ख्या घराला मोहर लावली ते बरं झालं. मी तिथेच जन्मले. त्या चार खुंट्यांच्या आत. इतकी वर्षं मला वाटत होतं, आईच्या हट्टापायी मी बिळात जन्मले. आता मला वाटतं, तिने मला मुद्दाम तिथे आणलं. एकीला दुसरी दाखवायला. दाखवून झाली, मग ती वर आली. असं असेल की नाही मला ठाऊक नाही, आणि सांगायला कुणी उरलं नाही. पण मी तसंच धरून चालणार आहे, आणि मला कुणी टोकायचं नाही.

दुसरं एक. ‘बहीण आहे’ असं तू फादरना म्हणालीस. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. मी तिला आयुष्यभर ‘आईची ती बाळी’ म्हणत आले. सात महिन्यांची, म्हणून कायमची लहान. मेत्रो वयाने मोठा, पण तो ‘पुढच्या वर्षी’वाला, म्हणून थोरली मी. भावंडांची नाकं पुसली, लग्नं जुळवली, मयतं उरकली, तुम्हा सगळ्यांवर ओरडले, कारण कुणीतरी थोरलं असावं लागतं. त्या खुब्यावर पडले तेव्हासुद्धा मनात पहिलं आलं ते हेच, की आता यांचं कसं होणार.

दारिया, ती १९०३ ची. मी १९०५ ची. ती माझी ताई आहे.

यंदा ख्रिसमसचं सगळं तूच कर. बारा पदार्थ कुठले ते तुला माहीत आहेत. डॉक्टरने सोडलं तर मी येईन आणि काही करणार नाही. मला काय आणायचं ते तू सांग, आणि काय नाही आणायचं तेही सांग. मी ऐकेन. सहासष्ट वर्षं झाली, घरात कुणी मोठं आहे हे मला आजच कळतंय.

स्तेफा